दारातली बाज

सार्वजनिक वाचनालयाला अनुदान हवं असेल तर महिला विभाग दाखवावा लागतो. आमच्या वाचनालयाचा महिला विभाग म्हणजे खिडकीजवळचं एक कपाट, त्यावर मीच रंगवलेली पाटी आणि एक नोंदवही. आमचं गाव सोनाळ्याच्या अलीकडे. मी मलकापूरची, मराठी घेऊन एम. ए. झालेली, लग्न होऊन इथे आले आणि ग्रंथपाल म्हणून लागले. तेव्हा त्या वहीत चाळीसेक बायकांची नावं होती आणि त्या सगळ्या दर आठवड्याला नेमाने पुस्तकं नेत होत्या. कागदावर. सगळ्या कार्यकारिणीच्या सदस्यांच्या बायका, सुना नाहीतर भावजया. तपासणी जवळ आली की अध्यक्ष भाऊसाहेब समोर खुर्ची ओढून बसत आणि सांगत, "लिहा मॅडम, आमच्या घरच्यांनी या महिन्यात पाच पुस्तकं वाचली." त्या घरच्या मला एकदा दळणाच्या गिरणीवर भेटल्या. कोणतं पुस्तक आवडलं म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "मले कुठी वाचता येते व माय."

बायका वाचनालयात का येत नाहीत, हे समजायला एम. ए. लागत नव्हतं. वाचनालयाच्या ओट्यावर सकाळी सातपासून पुरुष पेपर उघडून बसायचे. आत यायचं तर त्या सगळ्यांच्या पायांवरून आणि नजरांमधून यावं लागे. मग मी ठरवलं की आपणच जायचं. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत दहा-बारा पुस्तकं आणि देवघेवीची वही. खोट्या नावांची वही तशीच चालू राहिली, कारण ती बंद केली असती तर अनुदान बंद झालं असतं. खऱ्या वाचकांची वही मी वेगळी ठेवली. ती कोणत्याही तपासणीत कधी दाखवली नाही.

या धंद्यात, म्हणजे पुस्तकं देण्याघेण्याच्या कामात, वाचकापेक्षा परत आलेल्या पुस्तकावरून जास्त कळतं. कुठे हळदीचं बोट असतं, कुठे पान दुमडलेलं असतं. एक निवृत्त गुरुजी आपल्या दोन सुनांसाठी कथासंग्रह न्यायचे. आधी स्वतः वाचायचे आणि ज्या कथेत बाई नवऱ्याला उलट बोलते किंवा घर सोडते, तिची पानं सुईदोऱ्याने कडेने शिवून टाकायचे. पुस्तक परत येताना शिवण तशीच असे. मी चिडून दोरा उसवायची आणि पुढच्या वाचकाला पुस्तक द्यायची. पुढे एकदा बारकाईने पाहिलं तेव्हा लक्षात आलं की गुरुजींचा टाका लांब आणि वाकडा असायचा, आणि परत आलेल्या पुस्तकावरचा टाका बारीक आणि सरळ. धाकटी सून शिवणकाम करायची. ती शिवण उसवून दोघी जावा कथा वाचत आणि पुन्हा शिवून ठेवत. गुरुजींना शेवटपर्यंत कळलं नाही. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा असं वाटलं की मी ज्यांना जागं करायला निघाले आहे, त्या माझ्या आधीपासून जाग्या आहेत.

पण हे वाटणं फार टिकलं नाही, नाहीतर पुढची चूक झाली नसती.

कुसुमबाईंचा मळा गावाला लागूनच. मेथी, पालक, सांबार, म्हणजे तुमच्याकडची कोथिंबीर, सगळं त्यांच्या वावरात व्हायचं. बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांच्या टिनाच्या शेडमध्ये आठ-दहा बायका जुड्या बांधायला बसत. तोंडं मोकळी, हात गुंतलेले. कोणाला वाचता येत होतं, कोणाला नाही, पण हातात भाजी असताना पुस्तक धरणार कोण? म्हणून मी मोठ्याने वाचायला लागले. कादंबरी चालेना, कारण या आठवड्यात आलेली बाई पुढच्या आठवड्यात निंदणाला गेलेली असे. कथा मात्र बरोबर बसायची. एक ढीग संपेपर्यंत एक कथा. लांबीसुद्धा त्या जुड्यांतच मोजायच्या. "आज लहान आहे का व मोठी? मेथी लय आहे," असं विचारायच्या.

मी मुद्दाम बायकांच्या दुःखाच्या कथा निवडायची. मला वाटायचं, ऐकतील आणि रडतील, मग मी त्यांना समजावून सांगेन की हे दुःख नशिबाचं नसून व्यवस्थेचं आहे. भाषण तयार असायचं. त्या रडत मात्र नसत. एका कथेतली बाई नवऱ्याने टाकलेली, रात्रभर खिडकीशी बसून राहते आणि सकाळ होते. मी आवाज कापरा करून वाचलं. कुसुमबाईंनी जुडीला गाठ मारली आणि विचारलं, "तिच्या घरी म्हैस नाई का? सकाळी दूध कोनं काढलं?"

मी म्हटलं, कथेत म्हैस नाही.

"मंग हे कथा लिहिनाऱ्यानं बाईले पाह्यलंच नाई. खिडकीत पाह्यलं फक्त."

दुसऱ्या एका कथेत बाई शेवटी सगळं झुगारून उंबरा ओलांडते. मला ती कथा फार आवडायची, कॉलेजात तिच्यावर मी निबंध लिहिला होता. वाचून झाल्यावर मी वाट पाहत राहिले. कुसुमबाई म्हणाल्या, "निंघाली. बरं केलं. पन गेली कुठी?"

"तो प्रश्न कथेच्या पलीकडचा आहे," मी म्हणाले.

"पलीकडचा कसा? तिले तं अलीकडंच जेवा लागन नं."

बायका हसल्या. मीही हसले, पण मनात म्हटलं, यांना अजून वेळ लागेल. पुढे प्रत्येक कथेला कुसुमबाईंचा हा प्रश्न ठरलेला. गेली तर कुठे गेली? मला तो मागासलेपणाचा वाटायचा.

शेडचा एक नियम होता, मी न केलेला. कोणाला आपल्या घरचं सांगायचं असेल तर ते गोष्ट म्हणून सांगायचं. "एक बाई होती" असं सुरू करायचं. ऐकणाऱ्यांनी ती कोण हे ओळखायचं नाही, ओळखलं तरी बोलायचं नाही आणि शेडबाहेर न्यायचं नाही. कथा म्हणजे काय हे मी पुस्तकांतून शिकले होते. या बायकांनी तिचा उपयोग मला न विचारता शोधून काढला होता.

एका दुपारी सुनंदा बोलली. पस्तिशीची बाई, शेडमध्ये सगळ्यात कमी बोलणारी, सगळ्यात भराभर जुड्या बांधणारी. तिचा नवरा मलकापूरहून कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर.

"एक बाई होती," ती म्हणाली. "तिच्या नवऱ्यानं दुसरी आनली. म्हने, तू मायेरी जाय. बाई म्हने, काऊन जाऊ? हे भित म्या लिपली, हे न्हानी म्या बांधली. त्यानं तिचं सामान पुढच्या खोलीत फेकलं. बाईनं तिथंच चूल मांडली. मंग तिनं बाज उचलली अन् दारात टाकली. आडवी. घराले दार एकच. नवऱ्याले ट्रकवर जा लागे तं बाजेवरून जा लागे. दुसरीले पान्याले जा लागे तं बाजेवरून जा लागे. बाई कोनाशीच बोले ना. रोज तिथंच बसे, तिथंच झोपे. संपली गोष्ट."

कोणाच्या हातातली मेथी हलली नाही. ती बाज गावाने पाहिलेली होती. येता-जाता मीही पाहिली होती आणि मनात म्हटलं होतं, बिचारी, दारात झोपते.

मी सुनंदाला कायदा समजावला. पहिली बायको असताना त्याला दुसरं लग्न करता येत नाही, तक्रार कर, मी येते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कायदा रोज संध्याकाळी येऊन दार उघडून देईन का? थे दार उघडंच राह्यलं पायजे, मॅडम. म्हून बाज."

मी विचारलं, "हे मी लिहू?"

तिने आणखी एक जुडी बांधून ढिगावर टाकली. मग म्हणाली, "लिहा. गाव-नाव टाकू नका. पन जसं सांगतलं तसंच लिहा."

मी हो म्हणाले आणि घरी येऊन लिहायला बसले. सगळं तिचंच उतरलं, चूल, एकच दार, आडवी बाज. शेवटाशी आले आणि हात थांबला. बाई तिथेच राहते, असा शेवट मला सहन होईना. नवऱ्याच्या दारात झोपणारी बाई म्हणजे शरणागती, असं मला शिकवलेलं होतं. मी शेवट बदलला. पहाटे ती उठते, बाज भिंतीला उभी करते, पिशवी घेते आणि मागे न बघता एसटी स्टँडकडे चालू लागते. छान जमलं होतं. लिहून झाल्यावर माझेच डोळे भरून आले.

कथा एका दिवाळी अंकात छापून आली. पत्रं आली, फोन आले. एका प्राध्यापकांनी शेवटाचं विशेष कौतुक केलं. दिवाळी अंक आले की वाचनालयात झुंबड उडते. मी तो अंक कव्हर घालून सगळ्यात वर ठेवला आणि देवघेव सुरू केली. सुनंदाला मात्र अंक दाखवला नाही. उद्या दाखवू म्हणत राहिले. शेडमध्ये दुसऱ्याच कथा वाचत राहिले.

संक्रांतीच्या सुमारास सुनंदाची आई आजारी पडली आणि ती आठ दिवस माहेरी गेली. परत आली तर पुढच्या खोलीतली चूल फोडलेली, बाज अंगणात पालथी आणि दाराला आतून कुलूप. आत दुसरी. नवरा आणि दीर म्हणाले, ही स्वतःहून घर सोडून गेली, आता हिचा संबंध नाही. गावातल्या जाणत्या माणसांची बैठक मारुतीच्या पारावर बसली. मला बोलावणं आलं तेव्हा वाटलं, लिहिणारी-वाचणारी बाई म्हणून बोलावलं असेल. गेले तर सुनंदाच्या दिराच्या हातात आमच्या वाचनालयाचा शिक्का असलेला दिवाळी अंक होता. माझ्याच वहीत सही करून त्याने तो नेलेला होता. त्या घरातला तो माझा पहिला वाचक.

"हे पाहा," तो सगळ्यांना पान दाखवत म्हणाला. "लायब्रीच्या मॅडमनं लिहिलेलं आहे. बाज आहे, चूल आहे, सगळं हिचंच आहे. अन् शेवटी काय छापलं आहे? सोताच्या पायानं घर सोडून गेली. हिनंच सांगतलं असन नं त्याहिले? आमी कुठी काढलं?"

अंक हातोहात फिरला. वाचता न येणाऱ्यांनीही पान निरखून पाहिलं. छापलेल्या शब्दाचं वजन काय असतं हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आले होते, ते त्या पारावर मला दिसलं. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ती फक्त विचारत होती.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमी मले घराबाहेर काढलं?"

ज्या माणसांनी तिचं सामान फेकलं होतं त्यांच्या आधी मी तिला बाहेर काढलं होतं, आणि त्यासाठी शाबासकी घेतली होती. मी उठून उभी राहिले. म्हणाले, हा शेवट खोटा आहे. तिने सांगितलेला नाही. मी माझ्या मनाने लिहिला.

आमचे अध्यक्ष भाऊसाहेब त्या बैठकीत होते. ते म्हणाले, "पण मॅडम, छापून आलं आहे."

"आलं आहे," मी म्हणाले. "तुमच्या घरच्यांनी वाचलेली पुस्तकंसुद्धा आपल्या वहीत लिहिलेली आहेत, भाऊसाहेब."

भाऊसाहेब मागे सरकून बसले. दीर मात्र थांबेना. तेवढ्यात कुसुमबाई आल्या, मागे शेडमधल्या सगळ्या बायका. उद्या बाजार होता, म्हणून मेथीचे गठ्ठे घेऊनच आल्या आणि पाराच्या कडेला बसून जुड्या बांधू लागल्या. पुरुषांना काय करावं सुचेना. बायकांना उठा म्हणावं, तर त्या आपल्या कामात होत्या.

कुसुमबाईंनी दिराला विचारलं, "गेली म्हंता नं? मंग सांगा, कुठी गेली?"

तो गोंधळला. "कुठी म्हंजे?"

"मायेरी गेली तं माय दवाखान्यात होती, अख्ख्या गावाले मालूम आहे. आठ दिवसांनी आली. स्टँडवर गेली म्हंता तं कोनत्या गाडीत बसली? कोनाच्या घरी राह्यली? कुठी जेवली? बाई घर सोडते तं कुठीतरी जाते. तुमाले जागा सांगता येत नाई, मंग थे गेलीच नाई."

ज्या प्रश्नाला मी मागासलेला म्हणत होते, तो त्या दिवशी पारावर उभा राहिला आणि कोणालाच उत्तर देता आलं नाही. छापलेल्या पानातही ते उत्तर नव्हतं, कारण लिहिताना मलाच ते ठाऊक नव्हतं. मी कथेवरची पुष्कळ समीक्षा वाचली आहे. एखाद्या कथेचा कच्चा दुवा इतका नेमका पकडलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

मग सुनंदाला बोलायला सांगितलं. तिने हात जोडले नाहीत, रडली नाही. "एक बाई होती," असं म्हणून तिने तीच गोष्ट त्याच शब्दांत सांगितली. भिंत, न्हाणी, चूल, बाज. फक्त शेवटचं वाक्य वेगळं होतं. "बाज तिथंच आहे," ती म्हणाली. "पालथी आहे, सरळ करून द्या."

ऊन उतरायच्या आत कुलूप निघालं. बाज चार बायकांनी उचलून दारात टाकली, आडवी. पुढे ग्रामपंचायतीतल्या घराच्या उताऱ्यावर नवऱ्याच्या नावाशेजारी सुनंदाचं नाव लागलं. त्यासाठी भाऊसाहेबांनी स्वतः खेटे घातले. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी दिवाळी अंकाच्या संपादकांना पत्र पाठवलं की शेवट चुकीचा आहे, दुरुस्ती छापा. त्यांचं मोठ्या मनाचं उत्तर आलं. कथेत दुरुस्ती नसते, आणि ते घर सोडणं हेच तुमच्या कथेचं बळ आहे, असं त्यांनी लिहिलं. वाचनालयातल्या प्रतीत मात्र शेवटच्या परिच्छेदावर मी कोरा कागद चिकटवला आणि सुनंदाला तिच्या हाताने लिहायला सांगितलं. तिने लिहिलं, "बाज दारातच आहे." तो अंक आजही कपाटात आहे. वाळवीपासून मी सगळ्यात जास्त जपलेली वस्तू तीच.

सुनंदा माझ्याशी वर्षभर बोलली नाही. शेडमध्ये यायची, ऐकायची, माझ्याकडे न पाहता जायची. एका दुपारी ती आली ती दुसरीला घेऊन. दुसरीच्या गालावर बोटांचे वळ होते. आम्ही सगळ्या पाहत राहिलो. सुनंदाने तिच्यापुढे मेथी सरकवली आणि जुडी कशी बांधायची ते दाखवलं. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, "काल थे पळून चालली होती. बाजेवरून जा लागे नं. म्या इचारलं, जातं तं कुठी जातं? तिले जागा नोयती. मंग बाजेवर बसवलं तिले. तो हात उगारत आला, तं बाजेवर दोघी होतो."

मी पुस्तक मिटलं. त्या दिवशी माझ्याजवळ वाचण्यासारखं काही नव्हतं.

त्या दोघी मैत्रिणी झाल्या असं मी लिहिणार नाही. घरात चुली अजूनही दोन आहेत. नवरा महिना महिना ट्रकवर असतो, येतो तेव्हा खाली मान घालून बाजेवरून आत जातो. दोघी मिळून कुसुमबाईंचा अर्धा मळा कसतात.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. आठवणी लिहा असं एका दिवाळी अंकाचं पत्र आलं, तेव्हा ठरवलं की यावेळी छापायच्या आधी शेडमध्ये वाचायचं. गेल्या आठवड्यात हा लेख इथपर्यंत वाचून दाखवला. कुसुमबाई आता थकल्या आहेत, ऐकू कमी येतं, म्हणून मी जोरात वाचलं. सुनंदाला विचारलं, नाव बदलू का? ती म्हणाली, "राहू द्या. उताऱ्यावर आहे, तं इथंही राहू द्या." कुसुमबाईंनी मान हलवली. मला हायसं वाटलं. एवढ्या वर्षांनी एकदाची गोष्ट जशी घडली तशी माझ्या हातून उतरली, असं वाटून मी कागद आवरू लागले.

तेव्हा कोपऱ्यातून दुसरी बोलली. "मॅडम, तुमी सगळ्याहिले नाव देलं. माह्यं नाव काऊन नाई?"

मी पानं पुन्हा उलटून पाहिली. पहिल्यापासून शेवटपर्यंत ती दुसरीच होती. इतकी वर्षं ती माझ्यासमोर बसून कथा ऐकत होती आणि मी तिला तिचं नाव विचारलंच नव्हतं. सुनंदा माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. मी पेन काढलं आणि त्या दोघींच्या मधे, मेथीच्या ढिगाजवळ जाऊन बसले.

तिचं नाव वनिता.